शिकारी पेरतो, आपण राखतो

हरणाने आपल्या शेतात यावे म्हणून कोणी मुद्दाम जमीन नांगरतो, चुना घालतो, खत घालतो, बी पेरतो आणि उगवलेले पीक न कापता तसेच उभे ठेवतो, असे सांगितले तर तुम्हाला ती थट्टा वाटेल. वेळणेश्वरच्या सड्यावर ज्याने चार गुंठे नाचणीसाठी भर पावसात रात्ररात्र डबे बडवले आहेत, तो तर म्हणेल, "त्या माणसाला आमच्याकडे पाठवा. हरीण दाखवतो आणि वर डुकरे फुकट देतो."

पण ही थट्टा नाही. अमेरिकेत हजारो शिकारी दरवर्षी अशी शेते पेरतात, आणि त्यांची तक्रार आपल्या तक्रारीच्या बरोबर उलटी असते. ते म्हणतात, एवढा खर्च केला, एवढी मेहनत केली, तरी हरीण येत नाही. आपण म्हणतो, एवढी राखण केली, तरी जनावर थांबत नाही. गंमत अशी की दोघांची फजिती होते ती जनावराच्या एकाच स्वभावामुळे. म्हणून आज त्या शिकाऱ्याच्या शेतावर थोडे फिरून येऊ. त्याला जे साधत नाही, ते आपल्याला नको असताना कसे साधते हे कळले, तर आपली चार गुंठे नाचणी वाचवायची वाट सापडेल.

हरणासाठी पेरलेले शेत

अमेरिकेत पांढऱ्या शेपटीचे हरीण म्हणून एक जात आहे. बेसुमार शिकारीमुळे १९०० सालच्या सुमारास तिची संख्या काही लाखांवर आली होती. पुढे कायदे कडक झाले, शिकारीचे हंगाम ठरले, परवाने आले, आणि आज ही हरणे तीन कोटींच्या आसपास आहेत असे धरतात. तिकडे परवाना काढून ठरल्या हंगामात शिकार करता येते. मात्र मक्याचे दाणे ओतून हरणाला बोलावणे अनेक राज्यांत गुन्हा आहे. उभे पीक पेरलेले असेल तर बहुतेक ठिकाणी चालते. म्हणून शिकारी रानाच्या कडेला लहानसा तुकडा साफ करतो आणि त्यात लसूणघासाच्या कुळातले क्लोव्हर, ओट, राय, सलगम किंवा सोयाबीन पेरतो. मग झाडावर माळा बांधतो आणि वाट पाहतो.

इथून त्याची रडकथा सुरू होते. रानातली जमीन आंबट निघते, चुना घातल्याशिवाय क्लोव्हर धरत नाही. पेरणी केली की पाऊस ओढ देतो. पाऊस आला तर बियाण्याआधी तणच माजते. हे सर्व निभावून सोयाबीन दोन पानांवर आले, तर हरणे लगेच येतात आणि तुकडा लहान असल्यामुळे आठवडाभरात बुंध्यापर्यंत खाऊन मोकळी होतात. हंगाम उघडतो तेव्हा शेतात नुसती ढेकळे! म्हणजे ज्याच्यासाठी पेरले त्यानेच वेळेआधी खाल्ले. शेवटी काही जण हरणासाठी पेरलेल्या शेताला हरणापासून वाचवायला विजेचे कुंपण घालतात, आणि हंगामाच्या तोंडावर ते काढतात.

पीक उत्तम आले तरी सुटका नाही. तिकडच्या रानात ओक नावाची झाडे आहेत. ज्या वर्षी त्यांची फळे भरपूर गळतात, त्या वर्षी हरीण पेरलेल्या हिरव्यागार तुकड्याकडे ढुंकूनही पाहत नाही. रानातच पंगत बसलेली असताना ते उघड्यावर कशाला येईल? आणि शिकाऱ्याची चाहूल दोन-तीनदा लागली की ते दिवसा येणे सोडून देते. पीक रात्री खाल्ले जाते, शिकारी दिवसा माळ्यावर बसून मच्छर मारतो. एवढे करून पोसलेले हरीण शेजाऱ्याच्या हद्दीत गेले, तर बंदूक शेजाऱ्याची वाजते.

या सगळ्यातून तिकडचे शिकारी काही धडे शिकले आहेत. तुकडा रानाला लागून असावा. लांबट आणि अरुंद असावा, म्हणजे जनावराला लपणीपासून दूर जावे लागत नाही. घरांपासून लांब, शांत जागी असावा. भोवतालचे सर्व वाळलेले असताना तो हिरवा असावा. एक पीक संपले की दुसरे तयार असावे.

आता जरा आपल्या सड्यावरचे शेवटचे नाचणीचे शेत डोळ्यांसमोर आणा.

आपणच मांडलेले ताट

गुहागर तालुक्याच्या या पट्टीत जमिनीचे तीन थर आहेत. समुद्राच्या कडेला नारळ-सुपारीची आगरे, त्याच्या वर पऱ्याच्या काठाने भाताची खाचरे, आणि त्याच्याही वर जांभ्याचा सडा व वरकस जमीन. जुन्या काळी वरकसावर नाचणी, वरी, तीळ असे आळीपाळीने पिकत असे. एका वाडीची सगळी नाचणी एका अंगाला असे. डुक्कर तेव्हाही होते. पण तीस घरांच्या नाचणीत त्याने मारलेली तोंडे तीस घरांत वाटली जात, आणि राखणीला तीस घरांतले गडी असत.

नंतर गडी मुंबईला गेले. नाचणीला मजुरी परवडेना. १९९० सालापासून रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली आणि वरकसावर आंबा-काजू उभा राहिला. त्यात वाईट काही झाले नाही, अनेक घरांना चार पैसे दिसले. पण ज्या बागा राखल्या गेल्या नाहीत आणि ज्या जमिनी नुसत्याच पडल्या, तिथे रानमोडी आणि घाणेरी माजली. रानडुकराला याहून चांगले बिऱ्हाड कोणते? दिवसभर दाट सावलीत लोळावे, रात्री वीस पावलांवर ताट वाढलेले.

असे हे शेत रानाला लागून, लांबट, घरापासून दूर आणि भोवताली पडीक असताना एकटेच हिरवे आहे. भात कापून झाले की त्याच ओलीवर कुळीथ, वाल, पावटा, म्हणजे एका पिकामागून दुसरे तयार! शिकारी हजारो रुपये खर्चून जे जमवू पाहतो, ते सर्व आपल्या शेवटच्या नाचणीवाल्याने न मागता जमवून ठेवले आहे. म्हणूनच "बाकी सगळ्यांनी सोडली, मी एकटा करतो, आणि माझ्याच शेतात डुकरे येतात" ही तक्रार नशिबाची नाही. एकटे राहिल्यामुळेच ती येतात.

आपल्या राज्यात सरकारही हरणांसाठी शेत राखते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. मेळघाट, ताडोबा या व्याघ्र प्रकल्पांतून जी गावे उठली, त्यांच्या जुन्या शेतजमिनींवर गवताची कुरणे राखली जातात. चितळ, सांबर तिथे चरते आणि त्यांच्यामागे वाघ येतो. तिथेही तरोट्यासारखे तण बी धरण्याआधी मजूर लावून उपटावे लागते, नाही तर गवत मागे पडते. तिथले यश मोठ्या, सलग कुरणाचे आणि दरवर्षीच्या मेहनतीचे आहे.

"मग आमच्या रानातही फळझाडे लावा, म्हणजे माकडे वाडीत येणार नाहीत," अशी मागणी कोकणात नेहमी होते. त्यात तथ्य आहे. उंबर, जांभूळ, करवंद, रानफणस तुटले तर माकड वाडीकडे वळणारच. परंतु लावलेले झाड फळायला वर्षे लागतात, आणि ते गावाच्या वेशीवर लावले तर माकड गावाच्या वेशीवरच येईल. झाडे लावायची ती खोल रानात, वाडीपासून दूर, आणि त्याच्या भरवशावर यंदाची राखण सोडायची नाही.

शिकाऱ्याच्या उलटे करा

शिकारी जे जे करतो, त्याच्या उलट करणे हाच आपला उपाय. तो एकेक करून पाहू.

तुकडा एकटा ठेवू नका. दहा घरांनी दहा ठिकाणी चार-चार गुंठे पेरण्याऐवजी एका जागी एक एकर पेरावे. याचा हिशेब साधा आहे. चार गुंठ्यांचा चौकोन म्हणजे ६६ फूट लांब, ६६ फूट रुंद. त्याला कुंपण लागते २६४ फूट. असे दहा तुकडे म्हणजे २,६४० फूट. तेच चाळीस गुंठे एकत्र असतील तर चौकोनाची बाजू सुमारे २०९ फूट आणि कुंपण सुमारे ८३५ फूट. प्रत्येक घराच्या वाट्याला २६४ फुटांऐवजी ८४ फूट. कोकणात जमीन अशी चौकोनी नसते हे खरे, पण आकार वेडावाकडा असला तरी खर्च निम्म्याखाली येईलच. राखणीचेही तसेच. एकटा माणूस रोज रात्र जागू शकत नाही. दहा घरांत दहा दिवसांनी एक पाळी येते.

एकदम पेरा, एकदम कापा. वाडीत एकाने हळवे भात लावले तर ते आधी पिकते, आणि सगळी डुकरे त्याच्याकडे. दुसऱ्याने गरवे लावले तर सगळ्यांची कापणी झाल्यावर त्याचेच उभे, मग सगळी त्याच्याकडे. दाणा दुधात असताना डुकराला तो सर्वांत आवडतो. हे दिवस सर्व वाडीला एकाच वेळी आले तर खाण्याची वाटणी होते आणि राखणीचे दिवसही कमी होतात. दाढ पेरण्याआधी वाण ठरवा.

लपण तोडा. पिकाच्या भोवती वीस-तीस फुटांचा पट्टा रानमोडी-घाणेरी उपटून मोकळा ठेवा. झुडपे फुलण्याआधी, मुळासकट काढा. नुसती छाटली तर पावसात दुप्पट फुटतात. शेजारची जमीन मुंबईकराची असेल तर तो मालक बहुधा घाबरतो की कसायला दिली तर कूळ लागेल. त्याला जमीन मागू नका. फक्त "रान साफ करायला हरकत नाही" एवढे दोन ओळींचे पत्र मागा. बहुतेक लोक तेवढे आनंदाने देतील.

पंगत उठवा. काजूच्या दिवसांत बी वेचून बोंडे झाडाखालीच कुजत टाकली, की डुकरांना वास लागतो. पडके आंबे, फणसाची चारखंडे, लग्नातले उरलेले अन्न वाडीच्या कडेला टाकले की तेच होते. ते खड्ड्यात पुरा, त्याचे खत होईल. माकडांना देवळापाशी किंवा रस्त्यावर केळी-बिस्किटे घालणाऱ्या पाहुण्यांनाही हात जोडून थांबवा. माणसाच्या हातून खाल्लेले माकड पुढे स्वयंपाकघरात शिरते आणि कौले फोडते. मारुतीरायाची भक्ती देवळात करावी, त्याच्या नावाने घराची कौले कशाला घालवावी?

राखण बदलती ठेवा. डुकराची नजर कमजोर, पण नाक आणि कान तिखट. म्हणून बुजगावणे त्याला फार दिवस फसवत नाही. एकाच जागी वाजणारा डबा, रोज त्याच वेळी फुटणारा फटाका, एकच दिवा, यांची त्याला सवय होते. जागा बदला, वेळ बदला, आवाज बदला. माकड मात्र डोळ्याने चालते आणि दिवसा येते. त्याला माणूस दिसला पाहिजे.

कुंपण समजून घाला. जांभ्याचा गडगा डुकराला उत्तम, माकडाला निरुपयोगी. सौर कुंपणाचा झटका क्षणभराचा असतो, त्याने जनावर दचकते, मरत नाही. डुकरासाठी खालची तार जमिनीपासून वीतभर उंचीवर हवी, नाही तर ते खालून शिरते. तारेला गवत लागले की झटका कमी होतो, म्हणून पावसाळ्यात दर आठवड्याला तारेखालचे गवत काढावे लागते. हे ज्याला जमणार नाही त्याने ते घेऊ नये. आणि आंब्याची फांदी कुंपणावर आली असेल तर माकडाला तोच पूल.

पीक निवडा. काठाला, रानाच्या बाजूला, जनावराला न आवडणारे लावा आणि आत आवडते. माकड हळदीला, मिरचीला सहसा तोंड लावत नाही. आपल्याच तालुक्यात आबलोलीकडे हळदीची लागवड चांगली होते, तिथे जाऊन पाहून या.

बंदूक आणि कायदा

हे वाचताना पुष्कळांच्या मनात एकच उत्तर असेल: बंदूक. पूर्वी कोकणात हाकारा घालून रान उठवीत, आणि पीक राखायला ठासणीच्या बंदुकीचे परवाने होते, काही घरांत ते आजही आहेत. पण पीक संरक्षणाचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. १९७२ सालच्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने शिकारीवर बंदी घातली. भेकर, सांबर, माकड, वानर मारणे हा गुन्हा आहे, मग ते तुमच्याच शेतात का असेना. अमेरिकेतल्या शिकाऱ्यासारखे शेत पेरून माळ्यावर बसण्याची मुभा आपल्याकडे कुणालाही नाही.

उभ्या पिकाचे नुकसान करणाऱ्या जनावराबाबत कायद्यात लेखी परवानगीची वाट आहे. महाराष्ट्र शासनाने २०१५ साली रानडुक्कर आणि रोही या दोन जनावरांपुरती ती सोपी केली. अर्ज वनक्षेत्रपालाकडे करावा लागतो. परवानगी हाती आल्याखेरीज बार काढू नका, आणि मारलेले जनावर सरकारी मालमत्ता असते हे विसरू नका. त्याची वाटणी केली की शेतकऱ्याचा आरोपी होतो.

नुसते मारून संख्या हटत नाही, हेही ध्यानात घ्या. डुकरीण सुमारे ११५ दिवसांत विते आणि एका वेळी चार-सहा पिले सहज देते. बिऱ्हाड आणि ताट तसेच राहिले तर मेलेल्याची जागा भरायला वेळ लागत नाही. हिमाचल प्रदेशात शिमल्याच्या माकडांना २०१६ साली उपद्रवी ठरवून मारण्याची मोकळीक दिली होती. पण माकडावर हात उचलायला लोकच फारसे पुढे आले नाहीत. आपल्याकडे याहून वेगळे होईल असे वाटत नाही.

दोन गोष्टी मात्र कधीही करू नका. कुंपणात घरातली वीज सोडू नका. त्या तारेला डुकराआधी शेजाऱ्याचे पोर किंवा पहाटे पाणी बघायला गेलेला आपलाच माणूस चिकटतो, आणि मग सदोष मनुष्यवधाचा खटला उभा राहतो. दुसरे, पिठाच्या गोळ्यातले गावठी बॉम्ब आणि तारेची फासकी. त्यांत गाय, कुत्रा, बिबट्या कोणीही सापडतो. चार गुंठे नाचणीसाठी असले पाप पदरी घेऊ नये.

नुकसान झाले तर

रानडुक्कर, हरीण, गवा, माकड यांनी केलेल्या पिकाच्या नुकसानीची भरपाई वनखात्याकडून मिळते. पुष्कळ लोक "मिळून मिळून किती मिळणार" म्हणून अर्जच करीत नाहीत. अर्ज नाही म्हणजे कागदोपत्री नुकसान नाही, आणि कागदोपत्री नुकसान नाही म्हणजे तुमच्या गावाला कुंपणाची योजना यायलाही कारण नाही. म्हणून रक्कम लहान असली तरी अर्ज करा. तीन दिवसांच्या आत कळवा. सातबाराचा उतारा जोडा. शेत साफ करण्याआधी उकरलेल्या जमिनीचे, खुरांच्या ठशांचे, मोडलेल्या पिकाचे फोटो काढून ठेवा; आता घरोघरी मोबाईल आहे, सुनेला किंवा नातवाला सांगा. पंचनाम्याच्या वेळी स्वतः हजर राहा. सातबारा सामायिक असेल तर इतर हिस्सेदारांची संमती आधीच लिहून घेतलेली बरी, कारण मुंबईहून सही येईपर्यंत मुदत टळते.

मे महिन्यातले काम

हे सर्व वाचून, "आमच्या वाडीत माणसे कुठे आहेत?" असे तुम्ही विचाराल. प्रश्न खरा आहे. आज पुष्कळ घरांत राखणीला उरल्या आहेत त्या सासवासुना आणि साठीच्या पुढचे आजोबा. पण वर्षातून एकदा वाडी भरते. मे महिन्यात चाकरमानी येतात, मुले येतात. आंबे खाऊन झाले की त्यांच्या हातांना काम द्या. गडग्याचे पडलेले दगड चढवणे, पट्ट्यातली घाणेरी उपटणे, तारेचे खांब पुरणे ही पावसाआधीची कामे आहेत आणि ती चार दिवसांत होण्याजोगी आहेत. गणपतीला येणाऱ्यांच्या हाती वर्गणीचा कागद द्या, कारण तेव्हा भात पोटरीला आलेले असते आणि राखणीचे खरे दिवस पुढे असतात.

गाव करी ते राव न करी, ही म्हण आपण पालखीच्या वेळी आठवतो, शेताच्या वेळी विसरतो. नाचणी ही काही नुसती भाकरी नाही. बाळंतिणीची आंबील, तान्ह्या मुलाचे सत्त्व, गुरांची काड ही सगळी तिच्यातून येतात. वाडीतल्या शेवटच्या घराने ती सोडली की बियाणेही गेले, मग ते दुकानातून आणायचे. तेव्हा यंदा एवढेच करा. दाढ पेरायच्या आधी वाडीची बैठक बोलवा, सड्यावरचा घरांना सर्वांत जवळचा असा एकच एकर निवडा, आणि ज्यांनी नाचणी सोडली आहे त्यांच्यापैकी निदान तीन घरांना त्यात चार-चार गुंठे घ्यायला लावा. पहिल्या वर्षी तेवढी चार घरे जमली तरी राखणीची पाळी चौथ्या रात्री येईल, आणि मधल्या तीन रात्री झोप मिळेल.